डॉक्टर मागितला, भेटली नर्स

नमस्कार ताई,

माझं वय ३३. माहेर कऱ्हाडचं, आता इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. नवरा इथे आधी आला, मी दोन वर्षांनी डिपेंडंट व्हिसावर आले. पाच वर्षांची मुलगी आहे. गेले चार महिने अंगावरून पांढरं जातंय, खाज येते, कधी कधी लघवीला जळजळ होते. गावाहून आणलेल्या औषधांच्या पिशवीत पांढऱ्या पाण्यासाठीची गोळ्यांची किट होती, ती घेतली. पंधरा दिवस बरं वाटलं, परत सुरू झालं. शेवटी सर्जरीत, म्हणजे इथल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात, फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईने काय होतंय ते विचारलं आणि डॉक्टरऐवजी नर्स प्रॅक्टिशनरची वेळ दिली. त्या नर्सने आधी फोन केला. मी विवाहित आहे हे सांगूनही तिने विचारलं, "तुमचे आणखी कोणाशी संबंध आहेत का? नवऱ्याचे असू शकतील का?" मला इतकी लाज वाटली की 'नाही' म्हणून फोन ठेवून दिला. तिने गुरुवारी तपासायला बोलावलंय. तुमची स्मिअर टेस्टही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी) राहिलीय, तीही बघू, म्हणाली. नवरा म्हणतो, "नर्सकडून कसली तपासणी करून घेतेस? डिसेंबरमध्ये गावी जातोच आहोत, तेव्हा आपल्या डॉक्टरीणबाईंना दाखवू." मलाही वाटतं, आपण बाहेरचे म्हणून आपल्याला नर्सवर भागवतात. जाऊ की नको? आणि हे सगळं रेकॉर्डवर गेलं तर व्हिसाला काही होतं का?

— र., रेडिंग

प्रिय र.,

गुरुवारी जा, आणि आत एकट्याच जा. यजमानांना गाडीने सोडायचं असेल तर सोडू देत, पण खोलीत तुम्ही आणि ती नर्स, दोघीच असा. का, ते पुढे येईलच.

आधी मनातली सल काढू. तुम्ही बाहेरच्या म्हणून तुम्हाला नर्सवर भागवलेलं नाही. शेजारच्या गोऱ्या बाईने हीच तक्रार सांगून फोन केला असता तर तिलाही बहुतेक हीच वेळ मिळाली असती. पांढरं जाणं, लघवीची जळजळ, गर्भनिरोधक गोळ्या, स्मिअर, दमा, मधुमेह, बीपी ही कामं इथल्या सर्जऱ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर नर्सच बघतात. डॉक्टर कमी पडतात हेही त्याचं एक कारण आहे, ते मी लपवणार नाही. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: या कामात त्यांचा हात बसलेला असतो. मी स्वतः महाराष्ट्रात नर्सिंग शिकून इथे आले आणि बायकांच्या तपासण्या हे माझं रोजचं काम आहे. तेव्हा या विषयावर मी तटस्थपणे बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

आपल्याकडे नर्स म्हटलं की डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभी असलेली, "सिस्टर, ड्रेसिंग करा" म्हटलं की ड्रेसिंग करणारी बाई डोळ्यांसमोर येते. पण कऱ्हाडकडच्या एखाद्या खेड्यातल्या आत्याला, मावशीला विचारून बघा, तांबी कोणी बसवली होती? उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी. पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की सरळ, हे कोणी सांगायचं? त्यांनीच. आपल्या बायकांच्या नाजूक दुखण्यांचा भार गावोगावच्या नर्सबाईंनी किती वर्षं वाहिलाय, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. इंग्लंड-अमेरिकेत पुढचं पाऊल टाकलं गेलं. जे हात तपासत होते त्यांनाच आणखी शिकवलं, त्यांची परीक्षा घेतली आणि निदान करायचा, औषध लिहायचा अधिकार त्यांना कायद्याने दिला. तीच ही नर्स प्रॅक्टिशनर.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यांत आणि गरीब वस्त्यांत मुलांना डॉक्टर मिळत नव्हता, नर्स मात्र घरोघर पोचत होती. मग तिलाच बाळ पूर्ण तपासायला, साधे आजार ओळखून उपचार करायला का शिकवू नये, असा त्यांचा साधा विचार होता. तेव्हा फोर्डबाईंवर डॉक्टरांनी टीका केलीच, पण नर्सिंगच्या प्राध्यापिकांनीही केली. त्या २०२५ च्या जानेवारीत, १०४ वर्षांच्या होऊन गेल्या. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात बार्बरा स्टिलवेल यांनी बर्मिंगहॅममधल्या सर्जरीत हे काम सुरू केलं. आज ते इतकं रुळलंय की रिसेप्शनवरच्या बाईला ते समजावून सांगावंसंही वाटत नाही. तिने दोन वाक्यं बोलून समजावलं असतं तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं, असं मला राहून राहून वाटतं.

तुम्हाला जी भेटणार आहे ती साधारणपणे अशी तयार झालेली असते: आधी तीन वर्षांची नर्सिंगची पदवी, मग वॉर्डात किंवा सर्जरीत काही वर्षं काम, मग पदव्युत्तर दर्जाचा अभ्यास. त्यात पेशंटची हकीकत घेणं, तपासणं, निदान करणं, रक्ताचे रिपोर्ट वाचणं, आणि कुठे थांबून डॉक्टरांना विचारायचं हे ओळखणं, हे सगळं येतं. औषधं लिहिण्याचा कोर्स आणखी वेगळा. तो पूर्ण केलेल्या नर्सला ब्रिटनमध्ये २००६ पासून आपल्या अभ्यासाच्या कक्षेतलं जवळजवळ कुठलंही औषध स्वतःच्या सहीने लिहिता येतं. डॉक्टरांची सही लागत नाही.

"पण शेवटी डॉक्टर तो डॉक्टरच," असं यजमान म्हणतील. त्यांना हे सांगा. न्यूयॉर्कमध्ये १३१६ पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिले होते, काही डॉक्टरांकडे आणि काही नर्स प्रॅक्टिशनरकडे. दोघांना अधिकार सारखेच. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडच्या पेशंटांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रक्तदाबाच्या पेशंटांत तर नर्सकडे गेलेल्यांचा खालचा आकडा किंचित कमीच होता. हा अभ्यास २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. पुढे २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा १८ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष तोच: प्राथमिक उपचारांत प्रशिक्षित नर्सच्या हातचा गुण डॉक्टरांइतकाच येतो, काही बाबतींत थोडा जास्त, आणि पेशंट किंचित जास्त समाधानी असतात. नर्स वेळही जास्त देते. तुमच्या तक्रारीला वेळच लागतो, बाई. चार महिन्यांचं दुखणं, त्यात लाज, त्यात परकी भाषा, हे घाईघाईत उरकण्यासारखं नाही.

गोऱ्यांच्या देशातच हे चालतं असंही नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली. सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्याच, नर्सही नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्या वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावी शिकलेल्या आपल्या बायका नीट शिकवल्यावर हे करू शकल्या. तुमच्या सर्जरीतली नर्स तर पदव्युत्तर शिकलेली आहे.

आता त्या फोनबद्दल. तुम्हाला लाज वाटली, अपमान वाटला, हे मला पुरतं कळतं. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईला असं कोणी विचारत नाही. विचारलं तर वाद होईल. पण तो प्रश्न तुमच्या चारित्र्याबद्दल नव्हता. ती तोच प्रश्न कॉलेजातल्या मुलीला विचारते आणि साठीच्या आजीलाही विचारते. विचारला नसता तर ती कामात कच्ची आहे असं मी म्हटलं असतं.

कारण असं आहे. अंगावरून पांढरं जाणं हे लक्षण एक, पण त्यामागची कारणं अनेक. बुरशी असते, म्हणजे दह्यासारखं घट्ट जातं आणि फार खाज येते. ती संबंधांतून येणारा आजार नव्हे. योनीतल्या नेहमीच्या जंतूंचं संतुलन बिघडलं तर पातळ पांढरट जातं आणि माशासारखा वास येतो. तोही लैंगिक आजारात मोजत नाहीत. ट्रायकोमोनास हा मात्र संबंधांतून येतो. क्लॅमिडिया आणि गनोरियाही तसेच. या दोघांचं, विशेषतः क्लॅमिडियाचं, वाईट हे की बहुसंख्य बायकांना काही त्रासच जाणवत नाही. उपचार न होता तो वर सरकला तर गर्भनलिकांना इजा होते, पुढे दिवस राहायला अडचण येते, गर्भ नळीत राहण्याचा धोका वाढतो. प्रत्येकाचं औषध वेगळं. बुरशीच्या गोळीने क्लॅमिडिया जात नाही आणि क्लॅमिडियाच्या गोळ्यांनी बुरशी उलट वाढू शकते. म्हणून नुसतं ऐकून गोळी देता येत नाही. कुठला नमुना घ्यायचा, कुठून घ्यायचा, हे त्या नको वाटणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरतं.

तुमच्या किटचंही तेच झालं असावं. अशा किटमध्ये बहुधा बुरशीची एक आणि जंतूंच्या एक-दोन गोळ्या असतात. जिथे प्रयोगशाळा हाताशी नाही तिथे लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आपल्या सरकारी कार्यक्रमातही आहे. पांढऱ्या पाण्यासाठी हिरव्या रंगाची किट असते. पण ती सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, तपासून, विचारपूस करून, जोडीदाराचं बघून देतात. पिशवीतून स्वतःच काढून घेतलेली गोळी यातलं काहीच बघत नाही. पंधरा दिवसांनी त्रास परत का आला? औषध चुकीचं असेल. औषध बरोबर असेल, पण नवऱ्याने घेतलं नसेल. किंवा बुरशीच असेल आणि ती परत परत येण्यामागे साखर असेल. आपल्या लोकांत मधुमेह लवकर येतो, म्हणून नर्सने शुगरची रक्ततपासणी सांगितली तर 'मी कशाला आले आणि ही काय सांगते' असं वाटून घेऊ नका. एकाच बाईने तुमची खाज, शुगर, बीपी आणि पाळणा लांबवण्याचा विचार एका बैठकीत बघावा, हीच तर या कामाची खुबी आहे. किटचं रिकामं पाकीट असेल तर घेऊन जा. नसेल तर गोळ्यांची नावं आठवून लिहून न्या. आणि गुरुवारपर्यंत पिशवीतली दुसरी कुठलीही गोळी, कुठलंही मलम वापरू नका. त्याने नमुन्यातले जंतू दडतात आणि रिपोर्ट फसवा येतो.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. "नवरा इथे आधी आला, मी दोन वर्षांनी आले." पांढरं जाण्याची तक्रार सांगताना हे सांगायची गरज नव्हती, तरी तुम्ही लिहिलंत. कदाचित सहज लिहिलं असेल. मी त्यातून तुमच्या यजमानांबद्दल काहीही अनुमान काढत नाही, आणि तुम्हीही अजून काढू नका. पण मनात एखादी शंका असेल, कितीही पुसट असेल, तर ती बोलायची जागा म्हणजे ती खोली. सासू नाही, बहीण नाही, मैत्रीण नाही. त्या सगळ्यांकडून ते घरभर होईल. नर्सला एवढंच सांगा: "फोनवर मी घाईने नाही म्हणाले. माझं दुसरं कोणी नाही. नवऱ्याचं मला खात्रीने सांगता येत नाही." ती मान डोलावेल, एक-दोन तपासण्या वाढवेल, आणि पुढे जाईल. ती तुम्हाला दोष देणार नाही, आणि यजमानांना फोनही करणार नाही.

ती आणखी एक प्रश्न विचारेल: घरी सगळं ठीक आहे ना, कोणाची भीती वाटत नाही ना? हाही सगळ्यांना विचारायचा प्रश्न. नवरा शेजारी बसला असेल तर याचं खरं उत्तर कोण देणार? एकट्या जा म्हटलं ते यासाठी. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर सर्जरीला आजच फोन करून मराठी दुभाष्या मागा. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तो फुकट मिळतो, बरेचदा फोनवरूनच. नवऱ्याने दुभाष्या होऊ नये, असं इथले नियमही सुचवतात.

आता एक मोठा गैरसमज आधीच दूर करते, कारण त्यापायी संसार मोडल्याचं मी पाहिलंय. स्मिअरमध्ये आता आधी एचपीव्ही नावाचा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू आहे का ते बघतात. तो सापडला तर "नवऱ्याने काहीतरी केलंय" असा अर्थ होत नाही. हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की संबंध आलेल्या बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो. तो वर्षानुवर्षं शरीरात गपचूप राहू शकतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो. कधी आला, कोणाकडून आला, हे कोणीही सांगू शकत नाही. क्लॅमिडियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा यजमानांचीही तपासणी आणि उपचार लागतील, नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन परत आजारी पडाल. पण तोही किती जुना आहे हे तपासणीतून कळत नाही. हे बोलणं घरी कसं काढायचं, हे ठरवायलाही मदत मिळते. लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये हेल्थ ॲडव्हायझर असतात. तुमचं नाव न घेता जोडीदाराला कळवायची सोय त्यांच्याकडे असते. नवरा-बायकोंत नाव न घेण्याचा उपयोग किती, हा प्रश्न आहेच, पण काय बोलायचं याची तयारी त्या करून देतात.

गुरुवारी नेमकं काय होईल ते सांगते, म्हणजे रात्री झोप लागेल. आधी बसून बोलणं. मग पडद्याआड जाऊन कमरेखालचे कपडे काढायचे. बाकावर निळसर कागद पसरलेला असतो आणि अंगावर घ्यायला दुसरा कागद किंवा चादर देतात. सलवारीवर लांब कुडता घालून गेलात तर तो अंगावरच ठेवता येतो, फार उघडं पडल्यासारखं वाटत नाही. पाय दुमडून गुडघे बाजूला. नर्स आधी बाहेरून बघेल, मग प्लॅस्टिकचं स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून वापरायचं साधन, जेल लावून हळू आत सरकवेल. त्याचे आकार असतात, लहान मागता येतो. तुम्हाला हवं असेल तर ते स्वतःच्या हाताने आत घेता येतं, नर्स फक्त मार्ग दाखवते; संकोचलेल्या बऱ्याच बायकांना हे सोपं जातं. पाठ दुखत असेल किंवा आखडायला होत असेल तर कमरेखाली मुठी ठेवा. स्मिअरसाठी एक छोटा मऊ ब्रश गर्भपिशवीच्या तोंडावर पाच वेळा फिरवतात आणि लहानशा बाटलीतल्या द्रवात बुडवतात. एवढंच. कापूस लावलेल्या काडीने पांढऱ्या पाण्याचा नमुना वेगळा. क्लॅमिडिया-गनोरियाचा नमुना बरेचदा पेशंटलाच स्वतः बाथरूममध्ये घ्यायला देतात, आणि तोही तितकाच खात्रीचा असतो.

"थांबा" म्हणालात की ती थांबेल. ते म्हणायचा तुम्हाला कुठल्याही क्षणी हक्क आहे. खोलीत आणखी एक बाई हवी असेल तर तशी मागणी करा. नर्स पुरुष निघाला तर बाई हवी म्हणून सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. पाळी चालू असेल तर स्मिअर होत नाही. पांढरं फार जात असेल तर ती कदाचित म्हणेल, आधी हे बरं करू, स्मिअर नंतर. ते बरोबर आहे. मात्र ती नंतरची तारीख तिथेच घेऊन या. इंग्लंडमध्ये २५ ते ६४ वयाच्या बायकांना स्मिअरचं पत्र येतं. तुम्ही ३३ च्या आहात आणि ती राहिलीय. ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली राहिलं असेल तर तुम्ही एकट्या नाही; आपल्या बायकांच्या घरी ते हमखास तिथेच राहतं, आणि त्याचा मला फार त्रास होतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत पकडता येतो, आणि तरी आपल्याकडच्या बायका त्याने जातात.

डिसेंबरचं काय? गावच्या डॉक्टरीणबाई चांगल्याच असतील, त्यांना भेटायलाही जा. पण त्यासाठी आजपासून काही आठवडे दुखणं अंगावर काढू नका. शिवाय इथे तुम्ही हक्काच्या पेशंट आहात. व्हिसा काढताना तुमच्यासाठी इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरलेला आहे, सध्या मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड. आता तपासणीला पैसे पडणार नाहीत. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधाला दर औषधामागे ९.९० पौंड लागतात. लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधंही फुकट.

या क्लिनिकबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या परिस्थितीत ते कामी येईल. तिथे जायला सर्जरीची चिठ्ठी लागत नाही. तिथलंही बरंच काम नर्सच करतात: तपासण्या, औषधं, तांबी, दंडातली गर्भनिरोधक कांडी. तिथली नोंद वेगळी असते आणि तुमच्या परवानगीशिवाय ती सर्जरीला जात नाही. घरी पत्र पाठवू नका, फक्त माझ्या मोबाइलवर मेसेज करा, असं सांगितलं की तसंच करतात. गुरुवारी सर्जरीत बोलायचा धीर झाला नाही तर हा दुसरा दरवाजा उघडा आहे.

व्हिसाचं उत्तर एका वाक्यात: पांढरं जाण्याच्या तपासणीने किंवा क्लॅमिडियाच्या रिपोर्टने तुमच्या व्हिसाला काहीही होत नाही. मला काळजी वेगळ्याच रेकॉर्डची वाटते. आपल्या घरांमध्ये सर्जरीत नोंदणी करताना सगळ्यांना नवऱ्याचाच मोबाइल नंबर दिलेला असतो आणि एनएचएसचं ॲप त्याच्याच फोनवर, त्याच्याच ईमेलने उघडलेलं असतं. तसं असेल तर तुमचा रिपोर्ट तुमच्या आधी त्यांना दिसेल. यजमान भले सज्जन असतील, पण तुमच्या शरीराची बातमी आधी तुम्हाला कळायला हवी. गुरुवारी पोचल्यावर पहिलं काम हे करा: रिसेप्शनवर स्वतःचा नंबर द्या, जुना काढायला सांगा. ॲप स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या ईमेलने घ्या.

नर्सची बाजू इतकी घेतल्यावर तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. 'नर्स प्रॅक्टिशनर' ही पाटी लावायला ब्रिटनमध्ये कायद्याचं बंधन नाही. बंधन आहे ते 'नोंदणीकृत नर्स' म्हणवून घ्यायला. त्यामुळे एका सर्जरीतली नर्स प्रॅक्टिशनर खूप शिकलेली तर दुसरीकडची थोडी कमी, असं होऊ शकतं. नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर तिचं नाव टाकून नोंदणी बघता येते, औषधं लिहायची पात्रता आहे की नाही तेही दिसतं. थेट तिलाच विचारलंत तरी चालेल. चांगली नर्स आनंदाने सांगते. शिवाय सर्जरीत फिजिशियन असोसिएट (आता त्यांना फिजिशियन असिस्टंटही म्हणतात) नावाचे लोकही भेटतात. ते नर्सही नव्हेत आणि डॉक्टरही नव्हेत, त्यांना औषध लिहिता येत नाही. समोर कोण बसलंय हे विचारणं हा उद्धटपणा नाही.

डॉक्टर मागायचाच, असे प्रसंग आहेत. संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, उपचार पूर्ण करूनही त्रास तिसऱ्यांदा परतला, तर नुसत्या गोळ्यांवर राहू नका. पुढे कोणाकडे पाठवताय, असं विचारा. नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी पाठवू शकते. पण तुमचं समाधान होत नसेल तर "मला डॉक्टरांशी बोलायचंय" हे वाक्य तिथेच म्हणा. घरी येऊन नवऱ्याजवळ म्हणून उपयोग नाही.

यजमानांशी वाद घालू नका. त्यांनी नर्सला कमी लेखलं त्यात तुमच्याविषयी काळजीच दिसते: आपल्या बायकोला चांगल्यात चांगलं मिळावं. त्यांना एवढंच म्हणा, "ती तपासेल, नमुना प्रयोगशाळेत जाईल, आणि रिपोर्ट घेऊन आपण डिसेंबरमध्ये डॉक्टरीणबाईंकडेही जाऊ." हातात रिपोर्ट असलेला पेशंट डॉक्टरीणबाईंनाही आवडेल.

रिपोर्ट येईपर्यंत संबंध टाळा. साबण, डेटॉल, बेसन असं काही आतून लावू नका, नुसत्या पाण्याने बाहेरून धुवा. सुती निकर वापरा. पाळी चुकली असेल तर नर्सला आधीच सांगा, काही औषधं दिवस असताना चालत नाहीत. आणि गुरुवारच्या आधी ताप आला, ओटीपोटात दुखायला लागलं किंवा कमरेत कळा येऊन थंडी वाजली, तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जरीला फोन करा. सर्जरी बंद असेल तर १११ हा एनएचएसचा मदतीचा नंबर लावा आणि चार महिन्यांपासून काय होतंय, कुठल्या गोळ्या घेतल्या, सगळं सांगा.

तुमची,
ताई